झाडीपट्टीतील स्वयंसेवी स्वर : ग्रामोफोनपासून संगणकीय खेळापर्यंत

१

भाषेच्या इतिहासाचा विचार करताना लिखित साधनांवर सर्व भिस्त ठेवण्याचा अभ्यासकांचा प्रघात आहे. शिलालेख, ताम्रपट, पोथ्या, बखरी आणि छापील ग्रंथ ही साधने टिकतात. उच्चारलेला शब्द मात्र त्याच क्षणी विरून जातो. त्यामुळे ज्या माणसांनी आपला आवाज दुसऱ्याच्या कामासाठी दिला, त्यांचा इतिहास बहुधा लिहिलाच गेलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आवाज साठवून ठेवण्याची साधने आली, आणि पुढे साठवलेल्या आवाजावरून यंत्रास बोलावयास व ऐकावयास शिकवणे शक्य झाले. अशा काळी आवाज देणारा माणूस कोण, त्यास कोणी व कसे शोधले, आणि दिलेल्या आवाजाचे पुढे काय झाले, हे प्रश्न केवळ कुतूहलाचे राहिलेले नाहीत.

संगणकीय खेळांच्या जगात ‘मॉड’ या नावाने ओळखला जाणारा एक प्रकार आहे. एखाद्या कंपनीने रचून विकलेल्या खेळात खेळणाऱ्यांनीच हौसेने केलेली भर किंवा फेरफार म्हणजे मॉड. यांपैकी काही उद्योग मूळ खेळाइतके विस्तीर्ण असतात. २००२ साली निघालेल्या ‘मॉरोविंड’ या खेळातील बहुतेक संवाद पडद्यावर वाचावयाचे होते. त्याच मालिकेतील २०११ सालच्या ‘स्कायरिम’मध्ये पात्रे प्रत्यक्ष बोलतात. पहिल्या खेळाची सृष्टी दुसऱ्याच्या चौकटीत उभी करण्याचा ‘स्कायविंड’ हा उपक्रम स्वयंसेवकांनी हाती घेतला, तेव्हा पूर्वी केवळ लिहिलेल्या असंख्य वाक्यांना आवाज कोठून आणावयाचा, हा प्रश्न उभा राहिला. उत्तर एकच होते : जाहीर आवाहन. पात्राचे वय, स्वभाव, बोलण्याची ढब आणि नमुन्याची दोन-चार वाक्ये प्रसिद्ध करावयाची. इच्छुकाने ती आपल्या घरी ध्वनिमुद्रित करून पाठवावयाची. निवड करणाऱ्याने ती ऐकून होकार वा नकार कळवावयाचा. वेतन नाही, श्रेयनामावलीत नाव, एवढाच मोबदला. २०१६ सालचे ‘एन्डेरल’ आणि २०२४ सालचे ‘फॉलआउट : लंडन’ यांसारखी मोठी कामेही मुख्यतः अशाच हौशी बळावर उभी राहिली.

हा व्यवहार नवा वाटतो. परंतु नवे आहे ते त्याचे साधन. एकाने रचलेले वाक्य, ते उच्चारण्यासाठी शोधलेला बिनमोल आवाज, आणि तो ऐकणारा तिसराच श्रोता, ही त्याची मूळ घडण जुनी आहे. चांदा-गडचिरोलीच्या वनप्रदेशात गेल्या सव्वाशे वर्षांत ती निरनिराळ्या रूपांनी अवतरलेली दिसते. प्रस्तुत निबंधात त्या रूपांचा क्रमाने परामर्श घ्यावयाचा असून, प्रत्येक प्रसंगी तीन प्रश्नांची कसोटी लावावयाची आहे. उच्चारलेले शब्द कोणाचे होते? आवाजासोबत नाव कोणाचे राहिले? आणि दिलेला आवाज देणाऱ्याच्या कानी परत आला काय?

२

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील भातशेतीच्या व दाट जंगलाच्या प्रदेशास लोकव्यवहारात झाडीपट्टी म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत ती पसरली आहे. यांपैकी दक्षिणेकडील भाग म्हणजे जुना चांदा जिल्हा. १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्या विस्तीर्ण जिल्ह्याचा पूर्वभाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा निर्माण करण्यात आला. येथे मराठीची झाडी बोली, गोंडी व तिचे माडिया रूप, हळबी, आणि दक्षिण सीमेवर तेलुगू अशा अनेक भाषा एकाच बाजारात ऐकू येतात.

या भाषांचे नमुने पद्धतशीरपणे गोळा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन यांनी १८९४ मध्ये आरंभिलेली भारतीय भाषांची पाहणी. तिचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये, आणि मुंडा व द्रविड भाषांचा चौथा खंड १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोहोंचे संपादन स्टेन कोनोव यांनी केले होते. हळबीचा समावेश मराठीच्या खंडात झाला, तर गोंडी चौथ्या खंडात गेली. प्रत्येक बोलीसाठी तीन गोष्टी मागविल्या जात : बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे भाषांतर, स्थानिक माणसाने आपल्या शब्दांत सांगितलेली एखादी हकीकत वा गीत, आणि ठरावीक शब्द व वाक्ये यांची यादी. दृष्टान्ताची निवड धार्मिक हेतूने झालेली नव्हती. त्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्त्या आणि तिन्ही काळ येतात, हे तिचे कारण होते. भारतीय भावनांस धक्का लागू नये म्हणून मजकुरात किरकोळ फेरफारही करण्यात आले.

पुढे केवळ लिहून घेतलेल्या नमुन्यांनी उच्चाराचे ज्ञान होत नाही, हे ध्यानी आल्यावर १९१३ ते १९२९ या काळात निरनिराळ्या प्रांतिक सरकारांकरवी ग्रामोफोनच्या तबकड्या तयार करविण्यात आल्या. नव्वदांहून अधिक भाषा-बोलींचे आवाज त्यांत साठले. भाषाशास्त्राच्या इतिहासात या कार्याचे स्थान मोठे आहे, आणि ते कोणी नाकारणार नाही. तरीही वर सांगितलेली कसोटी लावली असता त्याची मर्यादा उघड होते. वक्ता शोधण्याचे काम सरकारी यंत्रणेचे होते. साहेबाच्या वा तहसीलदाराच्या शब्दावरून यंत्रासमोर उभा राहिलेला माणूस कितपत ‘स्वयंसेवक’ होता, हे सांगणे कठीण आहे. दृष्टान्तातील शब्द त्याचे नव्हते. परक्या कथेस त्याने आपल्या बोलीचे रूप दिले, इतकेच. आणि तबकड्या गेल्या लंडनच्या व युरोपातील अन्य विद्यासंस्थांच्या कपाटांत. ज्या गावातून आवाज निघाला, त्या गावास तो पुन्हा ऐकावयास मिळावा, अशी योजना त्या व्यवहारात नव्हती. आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अंकीय ग्रंथालयाच्या द्वारे त्या तबकड्या कोणासही ऐकता येतात. परंतु मधल्या काळात बोलणारे गेले, त्यांची मुलेही गेली. शास्त्रास आवाज मिळाला, गावास मिळाला नाही.

तथापि या पाहणीतील दुसरा नमुना विसरता कामा नये. स्थानिक माणसाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या हकीकतीस ग्रियर्सन यांनी दृष्टान्ताच्या शेजारी स्थान दिले. भाषांतरित मजकूर तुलनेस सोयीचा असतो, पण बोलीचा जीव तिच्या स्वतःच्या कथेत असतो, ही जाणीव त्यामागे होती. पुढील सर्व विवेचनात ही दुहेरी मागणी उपयोगी पडणार आहे.

३

सरकारी यंत्रणा जेव्हा एकेक आवाज शोधीत होती, त्याच काळात या प्रदेशातील गावे आपल्या गरजेपुरते आवाज स्वतःच शोधीत होती. झाडीपट्टीची नाट्यपरंपरा शतकाहून अधिक जुनी आहे. तिच्या मुळाशी दंडार आणि खडी गंमत हे लोकप्रकार आहेत. दंडारीत सारे कलावंत पुरुष; स्त्रीची भूमिकाही पुरुषानेच करावयाची. धानाची कापणी उरकली, दिवाळी झाली, की गावोगाव मंडई भरते. पूर्वी तिच्या जोडीला बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असे. पाहुणे येत, सोयरिकी जुळत, आणि रात्र आल्यावर एवढ्या जमलेल्या माणसांना जागविण्यासाठी नाटक उभे राही. दिवाळीपासून होळीपर्यंत हा हंगाम चाले, आजही चालतो.

या गावनाटकासाठी नट मिळविण्याची रीत भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. नाटक निवडले जाई ते बहुधा पुणे-मुंबईकडून छापून आलेले : ऐतिहासिक, पौराणिक वा संगीत. पण पात्रे गावातीलच. शिक्षक, शेतकरी, शिंपी, शेतमजूर, ज्याला हौस आहे तो पुढे येई. ध्वनिक्षेपक गावोगाव पोहोचण्यापूर्वी मंडपाच्या शेवटच्या टोकास बसलेल्या माणसापर्यंत आवाज जाणे, ही निवडीची पहिली अट असणे स्वाभाविक होते. रूप आणि अभिनय त्यानंतर. गाता येणाऱ्यास विशेष मान. अक्षरओळख नसलेल्या नटास दुसऱ्याने वाचून दाखवावयाचे आणि त्याने ऐकून पाठ करावयाचे, हा मार्गही मोकळा होता. म्हणजे लिखित संहिता तोंडी होऊन त्याच्यापर्यंत पोहोचे, आणि पोहोचताना थोडी बदले.

येथे मोबदला नव्हता, परंतु फुकटेपणाही नव्हता. ज्या गावात नट राहत होता, त्याच गावात त्याचा आवाज वाजत होता. त्याची चूक दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर निघे, आणि त्याचे यशही तेथेच मोजले जाई. राजाची भूमिका केलेल्या मनुष्यास वर्षभर लोकांनी त्या नावाने हाक मारावी, हेच त्याचे मानधन. कसोटीचा पहिला प्रश्न येथेही अडखळतो, कारण शब्द बाहेरून आलेले होते. पण दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे : नाव नटाचे होते, आणि आवाज गावातच राहत होता.

४

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या हौशी व्यवस्थेचे रूपांतर झाले. स्त्रीभूमिकांसाठी नागपूरहून आणि पुढे पुण्या-मुंबईहून नट्या येऊ लागल्या. त्यांना मानधन द्यावे लागे. एकास दिले की दुसऱ्यास नाकारणे अवघड होई. हळूहळू स्वतंत्र नाट्यकंपन्या उभ्या राहिल्या. गोंदिया-चांदाफोर्ट लोहमार्गावरील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे त्यांचे केंद्र बनले. आज तेथे पन्नासाच्या घरात कंपन्या असल्याचे सांगितले जाते. गावाची समिती कंपनीशी करार करते, तिकिटे लावते, आणि रात्री दहा-अकरापासून पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. तृषांत इंगळे यांनी २०२२ मध्ये या जगावर ‘झॉलीवूड’ हा चित्रपट काढला. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांस २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचे नाव राजधानीपर्यंत पोहोचले.

या रूपांतरामुळे दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी की, एका हंगामात अनेक नाटके व अनेक गावे सांभाळावी लागल्याने दीर्घ तालमीस अवसर उरला नाही, आणि प्रॉम्प्टरचे महत्त्व वाढले. विंगेतून येणारा दबका स्वर नटाने झेलावयाचा आणि प्रेक्षकांपर्यंत मोठा करून पोहोचवावयाचा. एका अर्थी प्रत्येक वाक्य दोनदा उच्चारले जाते : एकदा नाव नसलेल्या आवाजाने, आणि एकदा नाव असलेल्या. स्वराच्या इतिहासात प्रॉम्प्टरची नोंद कोणी ठेवीत नाही. परंतु ग्रियर्सन यांच्या पाहणीतील वक्ता आणि झाडीपट्टीचा प्रॉम्प्टर यांच्या नशिबात हे साम्य आहे.

दुसरी गोष्ट भाषेसंबंधी आहे, आणि ती अधिक महत्त्वाची. झाडीपट्टीच्या नाटकात नायक, नायिका, वकील, पोलीस अधिकारी ही पात्रे सामान्यतः प्रमाण मराठी बोलतात. झाडी बोली येते ती विनोदी पात्राच्या, गड्याच्या वा म्हातारीच्या तोंडी. हा विभाग नवा नाही. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, तर विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो. कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी, याचे नियम नाट्यशास्त्रातच घातलेले आहेत. इंग्रजी भाषेतील कल्पनारम्य खेळांतही खुजा वीर बहुधा स्कॉटलंडच्या ढंगाने बोलतो, आणि त्या प्रथेचे कारण विचारण्याची कोणास गरज वाटत नाही. ज्या बोलीस सत्ता नाही, तिच्याकडे हसू सोपविले जाते.

मात्र या विभागाची एकच बाजू पाहणे अन्यायाचे होईल. विनोदी पात्राच्या निमित्ताने झाडी बोलीस रंगमंचावर हक्काची जागा मिळाली. त्या पात्राचे शब्द बव्हंशी छापील संहितेतील नसतात. नट ते जागच्या जागी रचतो, गावचे नाव घालतो, समोर बसलेल्या पाटलाची फिरकी घेतो. म्हणजे नायकाचे शब्द लेखकाचे, आणि विदूषकाचे शब्द त्याचे स्वतःचे. परशुराम खुणे यांची कीर्ती मुख्यतः विनोदी भूमिकांवर उभी आहे, हे या दृष्टीने लक्षणीय आहे. कसोटीच्या तीनही प्रश्नांस होकारार्थी उत्तर देणारा आवाज या साऱ्या इतिहासात प्रथम भेटतो तो येथे, आणि तो विदूषकाचा आहे.

या बोलीचा शास्त्रीय अभ्यासही याच मातीतून उगवला. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीवर लेखन केले आणि झाडी बोलीचा शब्दकोश सिद्ध केला. त्यांच्या व इतर अभ्यासकांच्या कार्यातून या बोलीची वैशिष्ट्ये स्पष्ट झाली. ण, ळ, श, ष आणि छ ही व्यंजने झाडी बोलीत नाहीत. ‘पाणी’ येथे ‘पानी’ होते. ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो, तर शेजारच्या वऱ्हाडीत तोच ‘डोया’ होतो. ही उच्चारातील ढिलाई नव्हे. ही त्या बोलीची नियमबद्ध ध्वनिव्यवस्था आहे.

५

नाटकाबाहेरही आवाज दूर नेणारी साधने याच काळात आली. १९४८ मध्ये नागपुरास नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि विदर्भाच्या घराघरांत मराठी स्वर पोहोचू लागला. नभोवाणीने लोकगीते व ग्रामीण कार्यक्रम यांना स्थान दिले, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु तिच्या वृत्तनिवेदनाची व नाट्यविभागाची स्वरचाचणी प्रमाण उच्चारावर आधारलेली होती. ‘पानी’ म्हणणाऱ्यास निवेदकाची खुर्ची मिळणे शक्य नव्हते. आवाज येत होता तो केंद्राकडून गावाकडे. उलट दिशेचा मार्ग अरुंदच होता.

तो मार्ग उघडण्याचा उल्लेखनीय प्रयत्न गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडात झाला. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ या योजनेत साध्या दूरध्वनीचा उपयोग केला गेला. बोलणाऱ्याने एका क्रमांकावर घंटी द्यावयाची. यंत्र उलट दूरध्वनी करी. एक कळ दाबली की आपला मजकूर नोंदवावयाचा, दुसरी दाबली की इतरांनी नोंदविलेला ऐकावयाचा. संपादक मजकूर पडताळून प्रसृत करीत. हिंदीबरोबर गोंडीतही लोक बोलू लागले : हातपंप बिघडला, मजुरी मिळाली नाही, गाणे ऐका.

गोंडीच्या संदर्भात या घटनेचे मोल विशेष आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या २९ लाख ८४ हजारांहून अधिक आहे. पण ते मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगण अशा अनेक राज्यांत विभागलेले असून, भाषेचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झालेला नाही. प्रत्येक राज्यात ती त्या त्या राज्यभाषेच्या छायेत वाढते, आणि एका ठिकाणची गोंडी दुसऱ्या ठिकाणी अनोळखी वाटू लागते. अशा भाषेस मुद्रणापेक्षा ध्वनी अधिक जवळचा. ज्या भाषेस सर्वमान्य लेखनपद्धती मिळावयाची आहे, तिच्या भाषकास ‘हे वाक्य वाच’ असे सांगण्यात अर्थ नाही. ‘तुझे म्हणणे सांग’ असेच सांगावे लागते. दूरध्वनीच्या या योजनेत शब्द बोलणाऱ्याचे होते, नाव त्याचे होते, आणि दुसरी कळ दाबताच आवाज परत ऐकू येत होता. ग्रियर्सन यांचा ‘दुसरा नमुना’ शंभर वर्षांनी मुख्य नमुना झाला.

६

यानंतरची अवस्था म्हणजे यंत्रास भाषा शिकविण्यासाठी आवाजाचे दान. २०१७ मध्ये मोझिला संस्थेने ‘कॉमन व्हॉइस’ हा उपक्रम सुरू केला. स्वयंसेवकाने पडद्यावरील वाक्य वाचावयाचे. दुसऱ्या स्वयंसेवकांनी ते ऐकून वाचन बरोबर की चूक याचे मत द्यावयाचे. आणि जमलेला संग्रह सर्व हक्क सोडून जगास खुला करावयाचा. मराठीचा त्यात समावेश आहे. २०२२ मध्ये केंद्र शासनाने ‘भाषिणी’ योजनेचे उद्घाटन केले. तिच्या ‘भाषादान’ या विभागात बोलून, ऐकून, लिहून आणि पाहून असे चार प्रकारचे दान करता येते.

‘दान’ हा शब्द येथे विचारपूर्वक तपासला पाहिजे. मॉडसाठी आवाज देणारा तरुण आणि या संग्रहासाठी आवाज देणारा नागरिक हे दोघेही विनामूल्य काम करतात. पण त्यांच्या स्थितीत भेद आहे. पहिल्यास पात्र मिळते, दिग्दर्शक मिळतो, ‘हे वाक्य पुन्हा घे, राग कमी कर’ असे सांगणारा कोणी असतो, आणि शेवटी आपले नाव व आपला आवाज त्या खेळात सापडतो. त्याचे नाते झाडीपट्टीच्या गावनटाशी आहे. दुसऱ्याचा आवाज हजारोंच्या आवाजांत मिसळतो; त्यातून निघणारे यंत्र कोणाच्याही आवाजात बोलत नाही. त्याचे नाते तबकडीवरील निनावी वक्त्याशी आहे. दोघांस एकाच ‘स्वयंसेवक’ या शब्दाने संबोधणे सोयीचे असले, तरी शास्त्रशुद्ध नव्हे.

शिवाय या दोन वाटांची आता सरमिसळ होऊ लागली आहे. नटाच्या साठविलेल्या आवाजावरून त्याने कधीही न उच्चारलेली वाक्ये निर्माण करता येतात, आणि मॉड रचणाऱ्यांपैकी काहींनी त्या साधनाचा आश्रय केल्यावर स्वराभिनय करणाऱ्यांनी तीव्र हरकत घेतली. अमेरिकेतील नटसंघटनेने २६ जुलै २०२४ रोजी संगणकीय खेळांच्या कंपन्यांविरुद्ध संप पुकारला, आणि कृत्रिम प्रज्ञेपासून संरक्षण हा त्यातील कळीचा मुद्दा होता. २०२५ मध्ये नव्या करारास सभासदांनी मान्यता दिली. संघटना असलेल्या व्यावसायिक नटास जे भांडून मिळवावे लागले, ते कोरची वा भामरागडच्या हौशी वक्त्यास आपोआप मिळेल, असे मानण्यास आधार नाही.

झाडी बोलीच्या दृष्टीने अडचण आणखी मुळाशी आहे. पडद्यावर ‘पाणी’ असे लिहिलेले आहे. सिंदेवाहीच्या तरुणीने ते आपल्या स्वाभाविक उच्चाराने ‘पानी’ असे वाचले. पडताळणी करणाऱ्याने काय करावे? नियमाप्रमाणे उच्चारभेद ग्राह्य आहेत; पण दूरच्या शहरात बसलेल्या पडताळणाऱ्याच्या कानास ते चुकीचे वाचन वाटणे अगदी संभवनीय आहे. त्याने नकार दिला, तर यंत्रास तो उच्चार कधी ऐकूच येणार नाही. याच्या उलट, तरुणीने प्रयत्नपूर्वक ‘पाणी’ म्हटले, तर वाचन मान्य होईल, पण बोली गमावली जाईल. दोन्ही वाटांनी संग्रहात झाडी बोली नाही. आणि पुढे याच तरुणीची आजी त्या यंत्राशी बोलू पाहील, तेव्हा यंत्रास तिचे बोलणे समजणार नाही. रंगमंचावर विदूषकापुरती तरी जागा होती. येथे तीही राहत नाही. अलीकडे अशा उपक्रमांत प्रश्नास स्वतःच्या शब्दांत उत्तर देण्याची सोय होऊ लागली आहे. ती वाढली पाहिजे, कारण तीच ‘दुसऱ्या नमुन्या’ची परंपरा आहे.

मोबदल्याचा प्रश्नही टाळता येत नाही. बंगळूर येथील ‘कार्य’ ही संस्था ग्रामीण भाषकांना ध्वनिमुद्रणाचे पैसे देते, आणि संग्रह पुन्हा विकला गेल्यास त्यांस वाटा देण्याचे तत्त्व तिने स्वीकारले आहे. पैसे दिल्याने हौस मरते, असा आक्षेप घेतला जातो. झाडीपट्टीचा इतिहास या आक्षेपास पूर्ण दुजोरा देत नाही. कंपन्या आल्या, मानधन आले, आणि गावोगावचा हौशी नट मागे पडला, हे खरे. पण रंगभूमी मेली नाही, उलट शेतीच्या रिकाम्या महिन्यांत अनेक कुटुंबांचे पोट तिने भरले. हानी झाली ती पैशामुळे नव्हे. जेथे तालीम गेली, आणि तालमीबरोबर शब्दांवर विचार करण्याची उसंत गेली, तेथे ती झाली.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. स्वयंसेवी स्वराचा इतिहास हा तंत्राच्या प्रगतीचा सरळ चढता इतिहास नाही. तबकडी शास्त्रीय दृष्ट्या उत्कृष्ट होती, पण ती परत आली नाही. गावनाटकाचे तंत्र दरिद्री होते, पण त्यात आवाज देणाऱ्याचे स्थान भक्कम होते. साधा दूरध्वनी तिन्ही कसोट्यांस उतरला, आणि त्यानंतरच्या अधिक समर्थ साधनांनी त्यांतील दोन पुन्हा गमावल्या. तेव्हा साधन किती नवे आहे यापेक्षा व्यवहार कोणत्या अटींवर झाला, हे अभ्यासकाने प्रथम विचारावे.

या अटींचा विचार करण्यास या प्रदेशानेच एक उपयुक्त दृष्टान्त पुरविला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला; असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तेथील जंगल कोणा एकाचे नाही, परंतु म्हणून ते बेवारसही नाही. त्याचा उपयोग कसा व्हावा हे ग्रामसभा ठरविते. सामायिक असणे आणि निराधार असणे यांतील हा भेद आवाजांच्या संग्रहांनाही लागू पडतो. सर्व हक्क सोडून दिलेला संग्रह जगास उपकारक असतो, यात शंका नाही. तथापि संख्येने मोठ्या भाषेस जे औदार्य सहज परवडते, ते लहान बोलीस परवडेलच असे नाही. माडिया बोलणाऱ्या दहा गावांनी आपला आवाज कोणास, कशासाठी आणि कोणत्या अटीवर द्यावयाचा, हे त्या गावांनी एकत्र बसून ठरविणे, यात अशक्य असे काही नाही. बांबूच्या बाबतीत ज्यांनी ते करून दाखविले, त्यांना स्वराच्या बाबतीत ते शिकवावे लागणार नाही.

विद्यापीठीय संशोधकांवर यातून काही कर्तव्ये येतात. ध्वनिमुद्रणासाठी गावात जाणाऱ्या विद्यार्थ्याने वाचावयाच्या वाक्यांच्या यादीबरोबर वक्त्याच्या स्वतःच्या हकीकतीस तेवढाच वेळ द्यावा. वक्त्याची इच्छा असेल तर त्याचे नाव संग्रहात राहावे, आणि इच्छा नसेल तर ते काटेकोरपणे वगळावे. झाडी बोलीच्या मुद्रणाची पडताळणी झाडी बोलणाऱ्यानेच करावी. आणि काम पुरे झाल्यावर तो आवाज घेऊन पुन्हा त्या गावी जावे. यासाठी वेगळा समारंभ योजण्याची गरज नाही. दिवाळीनंतर मंडई भरते, मंडप उभा असतो, ध्वनिक्षेपक लावलेला असतो, आणि नाटक सुरू होण्यापूर्वी दीड-दोन तास लोक जमत असतात. त्या वेळात गावकऱ्यांना आपलीच माणसे बोलताना ऐकवावीत. कोणाची ढब ओळखू आली, कोणता शब्द आता कोणी वापरत नाही, कोणत्या उच्चारावर हशा पिकला, हे त्या मंडपात बसून जे कळेल, ते प्रयोगशाळेत कळणार नाही.